अणूकडून सेकंद कसा मिळवतात: नवख्यांसाठी पायरीपायरीने

अणुघड्याळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनपैकी एक चित्र येतं. एक तर अणू लंबकासारखा डोलतोय आणि कुणीतरी त्याचे हेलकावे मोजतंय, किंवा एखादा किरणोत्सारी पदार्थ हळूहळू झिजतोय आणि त्यावरून वेळ काढली जातेय. दुसरं चित्र तर मी स्वतः बरीच वर्षं बाळगून होतो. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती आधी पुसली नाहीत तर पुढचं सगळं डोक्यावरून जातं.

अणुघड्याळात टिकटिक करतो तो क्वार्ट्झचा स्फटिक, मनगटावरच्या घड्याळात असतो त्याचाच थोरला भाऊ. अणूकडे काम असतं परीक्षकाचं. स्फटिकापासून तयार केलेली लहर त्याच्यापुढे धरायची आणि विचारायचं, "जमलं का?" त्याच्या उत्तरावरून स्फटिकाला किंचित वर किंवा किंचित खाली सरकवायचं, आणि लगेच पुन्हा विचारायचं. किरणोत्साराचा इथे काही संबंध नाही. वापरला जाणारा सिझियम नावाचा धातू अगदी स्थिर असतो.

ही प्रश्नोत्तरं कशी चालतात आणि त्यातून सेकंद कसा निघतो, ते आता क्रमाने बघू. शाळेतलं विज्ञान आठवत असेल तर पुरे. जवळ कागद, कॅल्क्युलेटर आणि सेकंदकाट्याचं एखादं घड्याळ ठेवा. घड्याळ शेवटच्या पायरीला लागेल.

पायरी पहिली: व्याख्या फोडून वाचा

आजची व्याख्या मराठीत साधारण अशी होते: सिझियम-१३३ अणूच्या अबाधित मूळ अवस्थेतल्या अतिसूक्ष्म संक्रमणाची वारंवारता हर्ट्झमध्ये, म्हणजे प्रतिसेकंद, मांडली असता तिचं मूल्य नेमकं ९,१९,२६,३१,७७० धरायचं, त्यावरून सेकंद ठरतो.

एका दमात वाचलं तर काहीच हाती लागत नाही. तुकडे करा.

"अतिसूक्ष्म संक्रमण" हा तुकडा सगळ्यात घाबरवणारा, म्हणून तोच आधी घेऊ. सिझियमच्या अणूत ५५ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले ५४ जोड्याजोड्यांनी बंद कवचांत बसलेले, आणि एक बाहेर एकटा. हा एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला चुंबक. अणुकेंद्रक हाही एक चिमुकला चुंबक. दोन चुंबक एकमेकांच्या संदर्भात दोन प्रकारे राहू शकतात, ढोबळमानाने एकाच दिशेला तोंड करून किंवा विरुद्ध दिशेला. या दोन स्थितींच्या ऊर्जेत किंचित फरक असतो. एका स्थितीतून दुसरीत जाणं म्हणजे अतिसूक्ष्म संक्रमण. बाणांचं हे चित्र पुंजभौतिकीच्या दृष्टीने अर्धवट आहे, पण आपल्या कामापुरतं खरं आहे.

हा फरक किती किंचित? तांबड्या प्रकाशाच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, तिच्या जवळपास पन्नास हजारावा भाग. त्यामुळे हे संक्रमण प्रकाशाने होत नाही, मायक्रोवेव्ह लहरींनी होतं. लहरीची लांबी ३.२६ सेंटिमीटर, आणि वारंवारता घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पावणेचार पट.

"मूळ अवस्था" म्हणजे अणूची सगळ्यात कमी ऊर्जेची बैठक, ज्यात वरच्या दोन्ही स्थिती येतात. "अबाधित" म्हणजे त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र नाही, उष्णतेचं प्रारण नाही, शेजारी धक्का देणारा दुसरा अणू नाही. असा अणू जगात कुठेच मिळत नाही. १९९७ मध्ये तर स्पष्टच सांगितलं गेलं की व्याख्येतला अणू निरपेक्ष शून्य तापमानाचा समजायचा. ही अडचण आपण सातव्या पायरीवर निस्तरू.

राहिला आकडा. इथे नवखे हमखास अडखळतात. हा आकडा आता मोजायचा नाही, तो ठरवून दिलेला आहे. "सिझियमचा आकडा कितपत अचूक?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही. "माझं घड्याळ त्या आदर्श अणूपासून किती ढळलंय?" हा खरा प्रश्न. आकड्याचा आवाका हवा असेल तर सेकंदाला एक या गतीने मोजायला बसा. संपवायला २९१ वर्षं लागतील.

पायरी दुसरी: हा वाकडातिकडा आकडा आला कुठून ते समजून घ्या

९०० कोटी किंवा १,००० कोटी का नाही? कारण नवा सेकंद जुन्याच लांबीचा हवा होता.

जुना सेकंद पृथ्वीचा होता: सरासरी सौर दिवसाचा ८६,४०० वा भाग. पण पृथ्वी एकसारखी फिरत नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने तिचा वेग मंदावतो आणि दिवस शतकामागे दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो. वर ऋतूंप्रमाणे छोटे चढउतार असतात. ते १९३० च्या दशकात चांगली क्वार्ट्झ घड्याळं आल्यावर दिसले. ज्या घड्याळाला आपण प्रमाण मानत होतो, तेच लंगडत होतं.

मग खगोलशास्त्रज्ञांनी दिवस सोडून वर्ष धरलं. १९५६ मध्ये ठरलं की १९०० सालच्या सायन वर्षाचा, म्हणजे ऋतुचक्राच्या एका फेरीचा, ३,१५,५६,९२५.९७४७ वा भाग म्हणजे सेकंद. १९६० मध्ये त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात तो सेकंद हातात घ्यायचा तर वर्षानुवर्षं आकाशाकडे बघत बसावं लागतं, आणि १९०० साल तर कधीच निघून गेलेलं. एकक म्हणून इतकी गैरसोयीची चीज क्वचितच कुणी स्वीकारली असेल.

तोवर १९५५ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी व्यवहारात वापरता येईल असं पहिलं सिझियम घड्याळ चालू केलं होतं. मग एसेन आणि अमेरिकी नौदल वेधशाळेचे विल्यम मार्कोविट्झ यांनी दोन टोकं जोडायला घेतली. वेधशाळेत खास कॅमेऱ्याने ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्राचे फोटो काढले जात आणि त्यांवरून खगोलीय वेळ निघे. सिझियमची वेळ रेडिओ संदेशांतून जुळवली जाई. १९५८ मध्ये उत्तर आलं: एका खगोलीय सेकंदात सिझियमची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं, अधिक-उणे २०.

१९६७ च्या वजनमापांच्या तेराव्या सर्वसाधारण परिषदेने हाच आकडा उचलला आणि त्यामागचं "अधिक-उणे २०" पुसून टाकलं. हीच व्याख्येची जादू: मोजमापातली शंका एका ठरावाने संपते आणि चंद्राकडे जाते. आता सिझियम अचूक, आणि खगोलीय सेकंदात त्याची किती आवर्तनं बसतात ते शंकास्पद.

एक गाठ मारून ठेवा. त्या खगोलीय सेकंदाची लांबी सायमन न्यूकम यांच्या सूर्याच्या कोष्टकांवरून आली होती, आणि ती कोष्टकं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांवर उभी होती. त्यामुळे आजचा अणुसेकंद साधारण १८२० सालच्या दिवसाच्या मापाचा आहे. त्यानंतर पृथ्वी मंदावली, सेकंद जिथल्या तिथे राहिला.

पायरी तिसरी: सिझियमच का, ते पटकन पटवून घ्या

सिझियमचा निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे, १३३ वजनाचा. वेगवेगळे समस्थानिक निवडत बसावं लागत नाही. बाहेर एकच इलेक्ट्रॉन असल्याने पातळ्यांचा हिशोब सुटसुटीत. अणू जड असल्याने सावकाश चालतो. धातू २८.५ अंशांनाच वितळतो, त्यामुळे त्याची वाफ सहज मिळते. आणि रडारच्या कामामुळे त्या वारंवारतेच्या आसपासची उपकरणं दुसऱ्या महायुद्धानंतर तयारच होती. अणू देखणा असून भागत नाही, त्याच्याशी बोलायचं यंत्रही हाताशी असावं लागतं.

पायरी चौथी: अणूला प्रश्न विचारायला शिका

सगळ्या लेखातली ही पायरी सावकाश वाचण्याची.

पहिली रीत इसिडोर रॅबी यांची, १९३० च्या दशकातली. अणूंचा झोत एका क्षेत्रातून जाऊ द्यायचा, त्या क्षेत्रात लहर सोडायची, आणि किती अणूंनी स्थिती बदलली ते बघायचं. वारंवारता बरोबर असली तर पुष्कळ अणू बदलतात, चुकली तर कमी. पण बरोबर आणि चूक यांच्यातली रेघ किती बारीक दिसेल, हे अणू लहरीच्या सहवासात किती वेळ राहतो त्यावर अवलंबून असतं. वेळ वाढवायची म्हणजे क्षेत्र लांबलचक करायचं, आणि लांब क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवणं महाकठीण.

१९४९ मध्ये नॉर्मन रॅम्सी यांनी यावर तोड काढली: लांब सहवास नकोच. सुरुवातीला एक छोटी भेट, मध्ये लांब शांतता, शेवटी दुसरी छोटी भेट. दोन मित्रांनी सकाळी आपापली घड्याळं जुळवली आणि संध्याकाळी पुन्हा शेजारी धरली, तर दिवसभर घड्याळाकडे बघत बसायची गरज नसते. मधला वेळ जितका मोठा, तितका बारीक फरक पकडला जातो. रॅबींना १९४४ चं नोबेल मिळालं आणि रॅम्सींना १९८९ चं. इतक्या साध्या दिसणाऱ्या कल्पनेची दाद द्यायला चाळीस वर्षं लागली याचं मला आजही नवल वाटतं.

आता आधुनिक यंत्रात एक फेरी कशी होते ते बघू. याला सिझियम कारंजं म्हणतात.

निर्वात नळकांड्यात सिझियमची अगदी विरळ वाफ असते. सहा बाजूंनी लेझर येतात: वरून-खालून, डावी-उजवीकडून, मागून-पुढून. त्यांची वारंवारता अणूला आवडते त्याहून जराशी कमी ठेवलेली असते. अणू ज्या लेझरच्या दिशेने धावतो, त्याचा प्रकाश डॉप्लर परिणामामुळे त्याला किंचित जास्त वारंवारतेचा, म्हणजे मनासारखा भासतो. तो तोच प्रकाश जास्त गिळतो आणि त्याच प्रकाशाचा धक्का खाऊन मंदावतो. कुठेही पळा, समोरून ढकलणारा हजर. साध्या तापमानाला सेकंदाला दोनशेहून जास्त मीटर धावणारे अणू या घेरावात सेकंदाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर येतात. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एक-दोन दशलक्षांश अंश. या तंत्राला १९९७ चं नोबेल मिळालं.

मग वरच्या आणि खालच्या लेझरच्या वारंवारतेत थोडा फरक पाडून हा कोट्यवधी अणूंचा ढग चेंडूसारखा वर उडवतात, सेकंदाला साधारण चार मीटर वेगाने. आणि लेझर पूर्ण बंद करतात. प्रकाशाचा कवडसा जरी राहिला तरी अणूच्या पातळ्या सरकतात.

वर जाताना ढग तांब्याच्या एका पोकळीतून जातो. पोकळीत आपली मायक्रोवेव्ह लहर असते, बरोबर इतकी तोललेली की अणू अर्धा बदलावा. अर्धे अणू बदलतात असं नव्हे. प्रत्येक अणू दोन्ही स्थितींच्या मिश्रणात जातो. पोकळीच्या वर तीसेक सेंटिमीटर चढून ढग उलटा फिरतो आणि खाली येतो. कॅल्क्युलेटरवर करून बघा: तीस सेंटिमीटर वर जाऊन परत यायला गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने अर्धा सेकंद लागतो. हीच ती शांतता.

इथे सुरुवातीचं माझं वाक्य थोडं सैल करावं लागतं. या अर्ध्या सेकंदात मिश्रणातल्या अणूच्या आत खरोखर एक ठेका चालू असतो, नेमका आपल्याला हव्या त्या वारंवारतेचा. पण तो बाहेर ऐकू येत नाही. तो फक्त दुसऱ्या ठेक्याशी ताडून बघता येतो. म्हणून परत येताना ढग त्याच पोकळीतून जातो. मधल्या काळात आपली लहर आणि अणूचा ठेका जोडीने चालले असतील तर दुसरी भेट पहिलीचं उरलेलं काम पुरं करते आणि अणू पूर्ण बदलतो. अर्ध्या आवर्तनाची चूक झाली असेल तर दुसरी भेट पहिलीचं काम उलटवते आणि अणू होता तिथे परत जातो.

शेवटी खाली लेझर टाकून किती अणू कोणत्या स्थितीत आहेत ते त्यांच्या चमकण्यावरून मोजतात. बदललेले भागिले एकूण, हेच अणूचं उत्तर. एक-दोन सेकंदांत फेरी संपली, की लगेच पुढचा ढग.

कारंज्याची कल्पना जेरोल्ड झॅकरायस यांनी १९५० च्या दशकातच करून बघितली होती. तेव्हा लेझर नव्हते, अणू गरमच उडवावे लागत, आणि मागून येणारे वेगवान अणू पुढच्या संथ अणूंना धडका देऊन उडवून लावत. प्रयोग फसला. कल्पना चाळीसेक वर्षं लेझरची वाट बघत पडून राहिली.

पायरी पाचवी: उत्तरावरून स्फटिकाचे कान धरा

नवख्याला वाटतं, जास्तीत जास्त अणू बदलतील तिथे थांबायचं. तसं करत नाहीत, आणि का करत नाहीत ते कळलं की अर्धं घड्याळ कळलं.

लहरीची वारंवारता आडवी आणि बदललेल्या अणूंचं प्रमाण उभं मांडलं तर आलेख डोंगरासारखा दिसतो. डोंगराच्या अगदी माथ्यावर उभे असाल तर पाऊल इकडे पडलं काय, तिकडे पडलं काय, उंचीत फरक जाणवत नाही. उतारावर मात्र एका पावलानेही कळतं. म्हणून माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर आळीपाळीने उभं राहतात. अर्ध्या सेकंदाच्या शांततेत या डोंगराची रुंदी एक हर्ट्झ येते. म्हणून एका फेरीत लहर मुद्दाम अर्धा हर्ट्झ कमी ठेवायची, पुढच्या फेरीत अर्धा हर्ट्झ जास्त. स्फटिक बरोबर असेल तर दोन्हीकडे ५० टक्के अणू बदलतील.

समजा डावीकडे ५१.६ टक्के आले आणि उजवीकडे ४८.४. दोन्ही आकडे सांगतात की आपला मधला बिंदू उजवीकडे, म्हणजे वर सरकलाय. उताराच्या हिशोबाने ही चूक एक शतांश हर्ट्झ भरते, म्हणजे शंभर सेकंदांत एक आवर्तन जास्त. ९१९ कोटींमागे शंभरावा हिस्सा! यंत्र स्फटिकाला तेवढं खाली ओढतं. पुढच्या जोडीला पुन्हा तपासणी. हे रात्रंदिवस चालू.

अणूंची मोजणी प्रत्येक फेरीत थोडी इकडेतिकडे होतेच, त्यामुळे एका फेरीच्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही. हजारो फेऱ्यांची सरासरी घेतात. मधल्या काळात वेळ सांभाळायला चांगला स्फटिक लागतोच, बऱ्याच ठिकाणी हायड्रोजन मेसर नावाचं, थोड्या काळापुरतं फार स्थिर असलेलं घड्याळही ठेवतात. परीक्षक कडक असून उपयोग नाही, विद्यार्थीही दोन परीक्षांच्या मधे ताळ्यावर राहणारा हवा.

पायरी सहावी: आवर्तनं मोजा, पण ९१९ कोटी नव्हे

समजा स्फटिक सेकंदाला ५० लाख वेळा कंप पावतो. त्याच्या कंपनांपासून इलेक्ट्रॉनिक मंडलं पूर्णांकी गुणाकार-भागाकार करून ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झची लहर तयार करतात. तीच अणूपुढे जाते. अणू "जमलं" म्हणाला की गुणोत्तर पक्कं असल्याने स्फटिकही आपोआप बरोबर ठरतो. मग स्फटिकाचीच ५० लाख कंपनं मोजायची आणि एक ठोका द्यायचा. झाला सेकंद. हातातल्या घड्याळात हेच चालतं, फक्त तिथे ३२,७६८ कंपनांना एक ठोका असतो आणि चूक दाखवणारं कुणी नसतं.

पायरी सातवी: अणूला झालेला त्रास वजा करा

व्याख्येतला अणू अबाधित आहे, आपला नाही. म्हणून प्रत्येक त्रासाचा हिशोब मांडून तो उत्तरातून वजा करायचा. प्रयोगशाळांतली खरी मेहनत इथे जाते.

आकडे वाचायची एक युक्ती आधी. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. चूक एका कोटीत एक असेल तर वर्षाला तीन सेकंदांचा फरक. चांगली सिझियम कारंजी दहाच्या सोळाव्या घातात एक-दोन एवढीच शंका शिल्लक ठेवतात. एक धरली तर एका सेकंदाचा फरक पडायला जवळपास ३२ कोटी वर्षं.

चुंबकीय क्षेत्र पूर्ण काढता येत नाही, उलट पातळ्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून थोडं मुद्दाम ठेवावं लागतं. ते मोजून त्याचा परिणाम वजा करतात. अणू एकमेकांवर आपटतात; दाट आणि विरळ ढग आळीपाळीने उडवून "अजिबात आपटले नसते तर" याचं उत्तर काढतात. नळकांड्याच्या भिंती साध्या तापमानाला असतात आणि त्यांच्यातून उष्णतेचं प्रारण निघतं. एवढ्यानेही वारंवारता दहाच्या चौदाव्या घातात पावणेदोन इतकी खाली येते. आपल्या सोळाव्या घाताच्या हिशोबात ही चूक डोंगराएवढी आहे. भिंतींचं तापमान अंशाच्या छोट्या भागापर्यंत माहीत असावं लागतं.

आणि मग गुरुत्वाकर्षण. सापेक्षतावादाप्रमाणे उंचावरचं घड्याळ जलद चालतं, मीटरमागे दहाच्या सोळाव्या घातात सुमारे एक. अमेरिकेतल्या बोल्डर शहरातली घड्याळं समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर आहेत. जगाच्या वेळेत मिसळण्याआधी त्यांची ही "घाई" काढून टाकावी लागते. पण लक्षात घ्या, यात घड्याळाचा दोष काहीच नाही. बोल्डरमधला सेकंद बोल्डरमध्ये शंभर टक्के खरा आहे. समुद्रसपाटीवरून बघणाऱ्यालाच तो आखूड दिसतो.

पायरी आठवी: एकट्या घड्याळावर विसंबू नका

जगातल्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांतली चारशेहून जास्त घड्याळं एकमेकांशी उपग्रहांमार्फत ताडली जातात. पॅरिसजवळच्या सेव्हर इथलं आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालय त्यांची भारित सरासरी काढतं. जे घड्याळ शिस्तीत चालतं त्याला वजन जास्त. या सरासरीला कारंज्यांच्या तपासणीने सेकंदाची योग्य लांबी दिली की होतो आंतरराष्ट्रीय अणुकाल. त्यात पूर्ण सेकंदांची वजाबाकी करून येतो यूटीसी, म्हणजे समन्वित जागतिक वेळ, ज्यावरून सगळ्या देशांच्या प्रमाणवेळा निघतात.

गंमत अशी की हा हिशोब महिन्यातून एकदा जाहीर होतो. म्हणजे नेमका यूटीसी आत्ता या क्षणी कुणाकडेच नसतो. प्रत्येक प्रयोगशाळा आपला अंदाज चालवत असते आणि तो किती नॅनोसेकंदांनी हुकला हे तिला नंतर कळतं.

आता दुसऱ्या पायरीतली गाठ सोडा. दिवस ८६,४०० अणुसेकंदांपेक्षा मिलिसेकंदभर जरी लांब असला तरी हजार दिवसांत पूर्ण सेकंद साठतो. घड्याळ आणि सूर्य यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून यूटीसीत लीप सेकंद घातला गेला. आजवर २७ घातले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. संगणकांना हा ६१ सेकंदांचा मिनिट पचत नाही. २०२२ मध्ये सर्वसाधारण परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत यूटीसी आणि पृथ्वी यांच्यातल्या फरकाची मर्यादा वाढवायची. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं.

पायरी नववी: पुढच्या व्याख्येची ओळख करून ठेवा

एक हर्ट्झ रुंदीची रेघ ९१९ कोटींवर मिळते, हे सिझियमचं बळ. तेवढीच बारीक रेघ हजारो पटींनी मोठ्या वारंवारतेवर मिळाली तर? स्ट्रॉन्शियमच्या अणूत तांबड्या प्रकाशाचं असं संक्रमण आहे, ४२९ लाख कोटी हर्ट्झचं, सिझियमच्या सुमारे ४६,७०० पट. अडचण मोजणीची होती. इतक्या वेगवान लहरी कोणतंही इलेक्ट्रॉनिक मंडल मोजू शकत नाही. ती अडचण प्रकाशाच्या "कंगव्याने" सोडवली. हा लेझर एकाच वेळी समान अंतरावरच्या लाखो वारंवारता देतो आणि प्रकाशाची लहर मायक्रोवेव्हच्या पट्टीवर उतरवतो. जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं. टोकियोच्या हिदेतोशी कातोरी यांनी अणूंना लेझरच्या प्रकाशाच्या जाळीत, अंड्यांच्या खोक्यासारखं एकेका खळग्यात, धरून ठेवायची कल्पना मांडली.

ही प्रकाशीय घड्याळं आज सिझियमच्या शंभर पट पुढे आहेत. एकाला सेंटिमीटरभर वर उचललं तर त्याचा वेग बदललेला कळू शकतो. मग व्याख्या अजून सिझियमचीच का? कारण दावेदार अनेक: स्ट्रॉन्शियम, यिटर्बियम, अॅल्युमिनियमचा आयन आणि आणखी काही. शिवाय वेगवेगळ्या देशांतल्या घड्याळांची उत्तरं जुळली पाहिजेत, आणि ती महिनोन्महिने न थकता चालली पाहिजेत. २०३० ची सर्वसाधारण परिषद डोळ्यांपुढे ठेवून तयारी चालू आहे. त्या दिवशी कुणाच्याही घड्याळात काही बदलणार नाही. १९६७ सारखंच, नवा आकडा जुन्या सेकंदाला जुळवूनच निवडतील.

पायरी दहावी: आपल्या घड्याळाची परीक्षा घ्या

क्वार्ट्झचं साधं काट्याचं घड्याळ घ्या. फोनचं घड्याळ चालणार नाही, ते नेटवर्कवरून स्वतःला सारखं दुरुस्त करून घेतं. तो विद्यार्थी कॉपी करतोय. मात्र ताडून बघायला तोच फोन वापरा, आपल्या कामापुरता तो यूटीसीशी व्यवस्थित जुळलेला असतो.

पहिल्या दिवशी फरक लिहा. डोळ्यांनी बघून अर्ध्या सेकंदाची चूक होतेच, म्हणून पाच वेळा बघून सरासरी घ्या. घड्याळाला हात लावू नका, वेळ सुधारू नका. वीस दिवसांनी पुन्हा तसंच करा. समजा घड्याळ या काळात ८ सेकंद पुढे गेलं. वीस दिवसांचे सेकंद १७,२८,०००. भागाकार केला की दहा लाखांत सुमारे ४.६. हा तुमच्या स्फटिकाचा ढळ. रॅम्सींची युक्ती तुम्ही नकळत वापरलीत: दोन छोट्या भेटी आणि मध्ये लांब शांतता. एकाच दिवसाने बघितलं असतं तर फरक ०.४ सेकंद आला असता आणि डोळ्यांच्या चुकीत बुडून गेला असता.

मग सातवी पायरीही करून बघा. घड्याळातला स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात जलद चालेल असा कापलेला असतो. त्याहून गरम झाला तरी मंदावतो आणि गार झाला तरी मंदावतो. दहा अंशांच्या फरकाला दहा लाखांत साडेतीन, म्हणजे दिवसाला जवळपास तीन दशांश सेकंद. वीस दिवस घड्याळ मनगटावर वापरा, पुढचे वीस दिवस एखाद्या गार कप्प्यात ठेवा, आणि दोन ढळांची वजाबाकी करा. मनगटावरच्या दिवसांत रात्री काढून ठेवत असाल तर तेही वहीत लिहा, नाहीतर वजाबाकी फसेल.